पहिला खेळ रिकाम्या खुर्च्यांचा

आमच्या कॉम्प्युटरच्या डिस्क ड्राइव्हपाशी टाचणीच्या डोक्याएवढा एक हिरवा दिवा आहे. डिस्क आत गेली की तो आधी भरभर लुकलुकतो, मग सावकाश, मग थोडा वेळ स्थिर जळतो आणि विझतो. त्याच वेळी आतून येणारा आवाज आधी घरघरतो, मग बारीक शीळ घालतो, मग थांबतो. बंद दाराआड कुणी श्वास रोखून उभं असावं, तसा थांबतो. आणि पडद्यावर एक ओळ उमटते: ‘ड्राइव्हमध्ये डिस्क नाही.’

डिस्क आत असते.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादा पदार्थ पाण्यात सापडला नाही, तर ‘नाही’ असं आम्ही लिहीत नाही. ‘आढळला नाही’ असं लिहितो. आपल्याला न दिसणारी वस्तू नाहीच असं ठणकावून सांगायचा आपल्याला काय अधिकार, असा त्यामागचा विचार. त्यामुळे एका पत्र्याच्या खोक्याने मला ‘नाही’ म्हणून सांगावं, हे मला उद्धटपणाचं वाटलं. पण अपमान गिळून मी कामाला लागले, कारण त्या ड्राइव्हवर माझ्या वडिलांचे डोळे अवलंबून होते.

बाबांना काचबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली आहे ती ऑपरेशनने राखता येईल. थांबाल तितकी कमी उरेल.” बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “एक सिनेमा बघतो. मग ठरवू.”

हा हट्ट दुसऱ्या कोणाचा असता तर मी वाद घातला असता. पण बाबांनी उभं आयुष्य एका थिएटरच्या प्रोजेक्टरखोलीत काढलं. थिएटर बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्यांना अजून ऑपरेटरसाहेबच म्हणतात. आणि आजाराचं वर्णनसुद्धा ते त्याच भाषेत करतात: “पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे पडदे रोज थोडे आत सरकतायत. मधलं चित्र अजून झकास आहे.”

म्हणून मी कॉम्प्युटर आणला, त्यांच्या आवडीच्या सिनेमांच्या डिस्क आणल्या आणि म्हटलं, “चला बाबा, लावते.”

“तू लावणार?” बाबा म्हणाले. आवाज असा, जणू मी त्यांचा दात काढणार होते. “यंत्राला एकाच माणसाचा हात लागतो. आणि असा कसा लावणार? आधी रिकामा खेळ व्हायला हवा.”

रिकामा खेळ ही त्यांच्या थिएटरातली पद्धत होती. नवा सिनेमा आला की पहिल्यांदा तो रिकाम्या थिएटरात चालवायचा. दिवे बंद, दारं बंद, खुर्च्यांवर कोणी नाही. रीळ तपासण्यासाठी, असं मालक म्हणायचे. बाबा मात्र म्हणायचे, पहिला खेळ खुर्च्यांचा. त्या खेळाला खुर्चीवर माणूस बसलेला त्यांना खपत नसे. मालक एकदा बसले होते, त्यांनाही उठवलं होतं.

तेव्हा आता खुर्च्या हव्या होत्या. आमच्या घरात माणसं दोन आणि खुर्च्याही दोन. बाबांना दोन रांगा हव्या होत्या.

खुर्च्या सोसायटीच्या हॉलमध्ये असतात आणि त्या सेक्रेटरींच्या परवानगीने मिळतात. सेक्रेटरी हे नियमांवर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ. त्यांनी अर्जाचा कागद पुढे सरकवला. ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यात मी ‘चित्रपट’ लिहिलं. ‘अपेक्षित उपस्थिती’ या रकान्यापाशी पेन थांबलं. खोटं लिहायची मला सवय नाही. मी शून्य लिहिलं.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. “उपस्थिती शून्य, तर मग दोन रांगा खुर्च्या कशाला?”

“त्या रिकाम्या ठेवायच्या आहेत.”

“रिकाम्या तर त्या हॉलमध्येही आहेतच की!”

शेवटी त्यांनी खुर्च्या दिल्या, पण कधीही पाहणी करायला येईन अशी अट घालून.

शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींनी खिडक्यांसाठी काळे पडदे शिवून दिले. बाबांच्या आग्रहावरून मॉनिटरलाही एक छोटा काळा पडदा शिवला, कारण ‘खेळाआधी पडदा उघडा दिसता कामा नये’. मॉनिटर त्या पडद्याआड असा दिसायचा, की येणारे-जाणारे आपोआप हळू आवाजात बोलायचे. मावशींनी पडदे शिवले असल्यामुळे रिकाम्या खेळाला हजर राहायचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला. मी आणि त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो. पुढे दोन रांगा रिकाम्या खुर्च्या, त्यांच्या पलीकडे टेबल, आणि टेबलापाशी आमच्याकडे पाठ करून बाबा.

दुपारची वेळ, तरी बाबांनी शेवटचा पडदा ओढला तसा स्वतःचा हात दिसेना इतका अंधार झाला. डबी उघडल्याचा आवाज. ट्रे बाहेर आल्याचा, आत गेल्याचा आवाज. हिरवा दिवा. घरघर, शीळ, शांतता. बाबांनी मॉनिटरवरचा पडदा अलगद बाजूला केला, आणि त्या निळसर उजेडात सगळ्या खुर्च्यांच्या पाठी एकदम उजळल्या.

‘ड्राइव्हमध्ये डिस्क नाही.’

“आत्ता तर घातली ना हो?” मावशी कुजबुजल्या.

बाबांनी पडदा परत ओढला, अंधारातच डिस्क काढून डबीत ठेवली आणि मगच दिवा लावू दिला. रीळ डब्यात गेल्याशिवाय खेळ संपत नाही, हाही एक नियम. चेहरा मात्र निराश वाटला नाही. उलट ते खुर्च्यांकडे बघत होते, नाटकाच्या मध्यंतरात ओळखीचं कोणी दिसतंय का बघतात तसं.

“उद्या बघू,” ते म्हणाले.

बाबा फिरायला गेल्यावर मी दिवा लावून तीच डिस्क घातली. सिनेमा सुरू झाला. स्वच्छ चित्र, स्वच्छ आवाज. बाबा परत येताच मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांनी एक क्षण पाहिलं आणि मान फिरवली. “बंद कर. उजेडात, मधूनच, खुर्च्यांच्या आधी? असा खेळ मी बघत नाही.”

दुसऱ्या दुपारी परत अंधार, परत खुर्च्या, परत ‘डिस्क नाही’.

आमच्या घरी एक अशी गोष्ट घडू लागली, जी माझ्या शिक्षणात बसत नव्हती. मी भिंग साफ केलं, केबल बदलली, सिनेमे चालवणारा प्रोग्रॅम काढून परत घातला. डिस्क ज्या देशासाठी बनवली असेल तिथेच चालावी अशी एक सेटिंग असते, तीही तपासली. उजेडात, बाबा नसताना, सगळं चालायचं. अंधारात, खुर्च्या मांडल्यावर, काही चालायचं नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. माझा मोठा भाऊ फोनवर म्हणाला, “नवा घे. तुला प्रत्येक गोष्ट दुरुस्त का करायची असते?” सेक्रेटरी म्हणाले, “फॉर्मॅट मारा.” हा सल्ला ते पाण्याच्या मोटारीसाठीही देतात. मावशींनी मला जिन्यात गाठलं.

“तुला म्हणून सांगते. तो आपल्याला घाबरत नाहीये, त्या खुर्च्यांना घाबरतोय.”

“कोण?”

“तो ड्राइव्ह.”

“मावशी, ड्राइव्ह घाबरत नसतो.”

“मग तू सांग बाई कारण. शिकलीयस ना एवढी?”

हे मला लागलं. खरं सांगायचं तर माझ्याजवळच्या निरीक्षणांवरून मावशींचंच अनुमान सगळ्यात नीट बसत होतं, आणि ते जास्त लागलं.

शिवाय बाबा बोलू लागले होते. अंधार केल्यावर, डिस्क घालण्याआधी, हळूच म्हणायचे, “सरका थोडे आत. जागा आहे.” एकदा डिस्क फिरत असताना त्यांनी मला न वळता विचारलं, “कडेच्या खुर्चीवर टोपी घातलेले कोण आहेत ग?”

मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं. नजरेची कड गेली की मेंदू कधीकधी त्या जागी आपली चित्रं भरतो. वेड नव्हे, भुताटकी नव्हे. “पण ऑपरेशनचं काय ठरलं?” त्यांनी विचारलं. “आता खरंच थांबू नका.” मी म्हटलं, “सिनेमाचं बघतोय.” या वाक्यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं माझ्याकडे यापूर्वी कोणी पाहिलेलं नव्हतं.

मेंदू चित्रं भरतो, हे मी मावशींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “भरेना का. पण टोपीवालेच का भरतो?”

मग मी ठरवलं की प्रयोग रीतसर करायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाबा डोळ्यांत घालायचे थेंब आणायला गेले होते. मी एकटीने खुर्च्या मांडल्या, पडदे ओढले, मॉनिटरवर त्याचा छोटा पडदा टाकला आणि डिस्क हातात घेऊन अंधारात उभी राहिले.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक खुर्ची करकरली. प्लास्टिक आकुंचन पावतं. ऊन जाऊन सावली आली की तापमान उतरतं. मला हे गुणांकांसकट माहीत आहे. मग तिच्या शेजारची करकरली. मग तिच्या शेजारची. एखादा माणूस उशिरा येऊन ‘जरा जाऊ द्या’ म्हणत मधल्या जागेकडे सरकतो, तसा तो आवाज रांगेतून सरकत आला आणि माझ्या अगदी मागे थांबला.

मी दिवा लावला.

खुर्च्या जिथल्या तिथे होत्या. मी दिव्याच्या उजेडात डिस्क घातली आणि अर्थातच सिनेमा लागला. प्रयोग अपुरा राहिला हे मला कळत होतं. तो पुरा करायला मात्र मी परत गेले नाही. माझ्या पदव्या आतल्या खोलीत भिंतीवर टांगलेल्या आहेत. त्यांच्यासमोरून जाताना मी त्या दिवशी मान खाली घातली.

शेवटी कॉम्प्युटर काखोटीला मारून सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या तंत्रज्ञाने डिस्क घातली. सिनेमा लागला.

“काय प्रॉब्लेम आहे मॅडम?”

“इथे नाही होणार. अंधारात होतो.”

“अंधारात.”

“हो. लाइट बंद करता का जरा? आणि...” माझ्यामागे रांगेत बरीच माणसं खुर्च्यांवर बसली होती. मी आवाज उतरवला. “ह्यांना उभं राहायला सांगता येईल का? खुर्च्या रिकाम्या लागतात.”

तंत्रज्ञाने खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. मी नोकरीच्या ठिकाणी घालते तीच इस्त्रीची साडी नेसले होते, चष्मा होता, आवाज समजूतदार होता. त्याला काही ठरवता येईना. शेवटी तो इतरांना म्हणाला, “जरा उभे राहता का? मॅडमच्या मशीनची टेस्ट आहे.” आणि आश्चर्य म्हणजे सगळे मुकाट उभे राहिले. दुरुस्तीला आणलेला आपला प्रिंटर कवटाळून एक बाई मला म्हणाल्या, “आमचा पण पाहुण्यांसमोर छापत नाही.”

दिवे गेले. तंत्रज्ञाने डिस्क घातली. रिकाम्या खुर्च्यांसमोर सिनेमा झोकात सुरू झाला. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कागदावर त्याने लिहिलं: ‘दोष आढळला नाही.’ निदान भाषा तरी शास्त्रीय होती. कॉम्प्युटर उचलताना तो हळूच म्हणाला, “मॅडम, एक विचारू? तिथं अंधारात घालतं कोण डिस्क?”

“माझे वडील,” मी म्हटलं, आणि त्याने “अच्छा” म्हणून मान हलवली. त्या ‘अच्छा’चा अर्थ मी ‘बिचारे वडील’ असा लावला आणि रिक्षात बसले.

हे आता लिहिताना मला स्वतःचा राग येतो. अंधार मी तपासला, खुर्च्या तपासल्या, केबल आणि भिंग तपासलं. डिस्क कोण घालतं, हे एकदाही तपासलं नाही. माझ्या हिशेबात बाबा ही बदलणारी गोष्ट नव्हतीच. बाबा हे बाबा होते.

त्यानंतरच्या दुपारी बाबांनी पुन्हा रिकामा खेळ लावला. त्यांना टेबलापर्यंत जाताना उजव्या बाजूची खुर्ची दिसली नाही, गुडघा आपटला. “माफ करा हं,” ते खुर्चीला म्हणाले. मी आणि मावशी आमच्या भिंतीपाशी उभ्या राहिलो. पडदा ओढला गेला. डबी उघडली. ट्रे बाहेर आला.

आणि त्याच क्षणी, बेल न वाजवता, खुर्च्यांची पाहणी करायला आलेल्या सेक्रेटरींनी बाहेरचं दार सताड उघडलं.

जिन्याच्या खिडकीतून तिरपं ऊन थेट टेबलावर पडलं. पुढच्या क्षणी उजवीकडची आख्खी भिंत पेटली. जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, लाल असा एक रुंद, वळलेला पट्टा कडेच्या खुर्च्यांच्या वर थरथरत होता. कोणी जिवंत असावं तसा तो आधी आक्रसला, मग पसरला. मावशी किंचाळल्या आणि समोरच्या खुर्चीत धपकन बसल्या. आमच्या घरात त्या खुर्च्यांवर पहिल्यांदाच कोणी बसलं. सेक्रेटरी दाराची कडी धरून म्हणाले, “हे... ह्याचा अर्जात उल्लेख नव्हता!”

“काय झालं?” बाबा म्हणाले. त्यांचं बोट अजून ट्रेवरच्या डिस्कच्या मध्यावर होतं, म्हणून तो पट्टा थरथरत होता. “कोण ओरडलं?”

माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली सोपी होती. डिस्कची छापील बाजू भिंतीवर रंग पाडत नाही. रंग पाडते ती खालची, चकचकीत बाजू. ती वर होती.

“बाबा, डिस्क उलटी घातलीय तुम्ही.”

“उलटीच घालतात,” बाबा म्हणाले. “प्रोजेक्टरमध्ये चित्र डोक्यावर उभं करूनच भरावं लागतं. भिंग ते सुलटं करतं. तुला काय सांगायचं?”

“हा प्रोजेक्टर नाही, बाबा.”

त्यांनी डिस्कवरचं बोट उचललं.

“पहिल्या दिवशी हात सवयीने वळला,” बाबा म्हणाले. “दुसऱ्या दिवशी कळलं मला. एवढा काही म्हातारा नाही झालो.”

“मग रोज?”

“सिनेमा लागला की तू डॉक्टरीणबाईंना फोन लावणार. मग ऑपरेशन, डोळ्यावर पट्टी. पट्टी काढल्यावर काय असेल, काय नसेल. आणि इथे,” त्यांनी हात खुर्च्यांवरून फिरवला, “अंधार केला की माणसं यायची ग. दोन्ही कडांनी. सिनेमा सुरू झाला नाही की बसून राहायची, वाट बघत. शेवटची काही वर्षं आमच्या थिएटरात मी, तिकीटवाला आणि एक मांजर. भरलेलं थिएटर किती दिवसांनी पाहिलं मी.”

सेक्रेटरींनी डोकं खाजवलं. कधी नव्हे ते त्यांना एकही नियम आठवला नाही.

“पण ओरडलात कशाला सगळे?” बाबांनी विचारलं.

माझ्या मनात आलेली दुसरी गोष्ट ती ही: बाबांनी भिंतीकडे पाहिलंच नव्हतं.

“अहो, कशाला काय!” मावशी खुर्चीतून म्हणाल्या. “केवढा तो रंगांचा पट्टा! आख्खी भिंत भरलीय. तुम्ही पाहिला नाहीत?”

“कुठली भिंत?”

“अहो, ही! तुमच्या उजव्या हाताला!”

बाबांनी मान वळवली. खांबाआडून डोकावावं तशी, थोडी, मग अजून थोडी, मग खांदेही वळवले. खूप उशिरा त्यांचा चेहरा त्या रंगांसमोर आला आणि थांबला. पडद्याच्या कोपऱ्यातला केसाएवढा ओरखडा हा माणूस प्रेक्षकांच्या आधी वरच्या खोलीतून पकडायचा.

“हा कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं.

“दार उघडलं तेव्हापासून, बाबा.”

“एवढा मोठा?”

“एवढाच.”

त्यांनी मान परत समोर आणली. मग पुन्हा वळवली. समोर, बाजूला, समोर. मी पाण्याचे नमुने तपासते तसे ते स्वतःला तपासत होते. मग ते हात पुढे करून, चाचपत, खुर्च्यांच्या कडेशी आले.

“इथे कोण आहे ग?”

“मी आहे हो, मी!” मावशी म्हणाल्या.

“तुम्ही नाही. तुमच्या पलीकडे.”

मावशींनी पलीकडे बघायचं टाळलं. मी बघितलं. “कोणी नाही, बाबा.”

“नीट बघ.”

मी नीट बघितलं. पांढरी प्लास्टिकची खुर्ची, पाठीवर सोसायटीचा क्रमांक, त्यावर जांभळ्या रंगाची कड. “मला कोणी आढळलं नाही,” मी म्हटलं.

ती खुर्ची करकरली. मी, मावशी आणि सेक्रेटरी, तिघांनीही चमकून तिकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, जणू कोणाच्या खांद्यावर ठेवावा. बाहेर ऊन हललं असावं. भिंतीवरचे रंग फिके होत गेले.

“डॉक्टरीणबाईंना फोन लाव,” बाबा म्हणाले. “सिनेमा राहू दे. मी ऑपरेशन करून घेतो.”